अपेक्षाचा परीक्षेचा पाठ

आमच्या चाळीत खासगी असं काही नसतं. कुणाकडे कसलं कालवण शिजतंय, कुणाचं कुणाशी वाजलंय, सगळं गॅलरीत. त्यामुळे शेजारच्या राजेशभाऊंची अपेक्षा मास्तरीण व्हायचं म्हणतेय, हे अख्ख्या मजल्याला तिच्या बापाच्या आधी कळलं.

बरी लोअर परळच्या मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात काउंटरवर होती. एसीत उभं राहायचं, एक तारखेला पगार. ते सोडून दादरला डी.एड.ला नाव घातलं. का गो, म्हणून विचारलं तर म्हणते, "लक्ष्मीमावशी, मला पहिलीचाच वर्ग हवाय. मोठ्या पोरांना कोणीही शिकवेल." म्हटलं, पहिलीची पोरं शेंबूड पुसायला लावतात, चड्डीत करतात. तर म्हणे, "म्हणून तर!" आता अशा पोरीपुढे काय डोकं आपटणार? राजेशभाऊंनी मात्र स्पष्ट सांगून ठेवलं होतं. दोन वर्षं थांबतो. पास झालीस तर तुझी शाळा, नाहीतर परत काउंटर.

मी इथेच लालबागमध्ये पालिकेच्या शाळेत खिचडी वाढते. अपेक्षाला शेवटच्या परीक्षेचा पाठ नेमका त्याच शाळेत, पहिलीच्या वर्गावर मिळाला. बाहेरचे परीक्षक येणार, मागच्या बाकावर बसून मार्क देणार. त्यात गेली की सगळं गेलं.

झालं! रोज संध्याकाळी ही बया गॅलरीत टोपली घेऊन उभी. टोपलीवर रुमाल. "मुलांनो, माझ्या टोपलीत काय आहे बरं?" समोर मुलं कुठली, वाळत घातलेले टॉवेल. मग रुमाल काढायचा. आधी वांगं, मग गाजर, मग टोमॅटो, आणि तळाशी लपवलेला मुळा. रंग सांगा, चव सांगा, गाणं म्हणा. आमच्या ह्यांना तर झोपेतसुद्धा मुळा दिसायला लागला.

त्या टॉवेलांखाली आमच्याच मजल्यावरच्या दर्शनाची पोर कीर्ती कपड्यांच्या चिमट्यांशी खेळत बसलेली असायची. दर्शना एका ऑफिसात साफसफाईला जाते. पोर इतकी वर्षं गावाला, कुडाळकडे, आजीपाशी होती. जूनमध्ये इकडे आणून आमच्याच शाळेत पहिलीत घातली. पहिल्याच दिवशी बाईंनी काहीतरी विचारलं, ही मालवणीत "माका म्हायत नाय" म्हणाली आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसला. तेव्हापासून शाळेतच काय, गॅलरीतही तिने तोंड उघडलं नाही. वर्गाच्या सुनेत्राबाईंनी किती गोंजारलं, चॉकलेटं दिली. अहं! खिचडी वाढताना मीसुद्धा ओरडून बघितलं. नुसती बघत राहायची. जीव तुटायचा हो.

परीक्षेच्या दिवशी मी खिचडीचं पातेलं तसंच सोडून वर्गाच्या दारात उभी. अपेक्षा साडी नेसून आलेली. मागे परीक्षक सर, कडक इस्त्रीचे. अपेक्षाने टोपली टेबलावर ठेवली. "मुलांनो, माझ्या टोपलीत काय आहे बरं?"

आणि तिसऱ्या बाकावरून कीर्ती उठली.

"वांगं, गाजर, टोमॅटो आणि तळाशी मुळा!"

रुमाल अजून टोपलीवरच. मी कपाळावर हात मारला. सुनेत्राबाईंचं तोंड उघडं ते उघडंच. पण पोरगी थांबते कुठे! वांग्याचा रंग जांभळा, देठाला काटे असतात, टोमॅटो आंबट-गोड, आता आपण गाणं म्हणू या. अपेक्षाचा अख्खा पाठ, तिच्याच सुरात, तिच्याच हातवाऱ्यांसकट. सगळी पोरं माना वळवून हिच्याकडे.

परीक्षकांची भुवई चढली. सुनेत्राबाईंनी मला डोळ्यांनी खुणावलं, काढ हिला बाहेर. मी आत जाऊन कीर्तीचा दंड धरला. म्हटलं, चल गो बाय, खिचडी खायला. तिचा चेहरा असा पडला की माझाच हात सैल झाला.

"मावशी, राहू दे तिला," अपेक्षा म्हणाली. मग टोपली उचलून तिने कीर्तीच्या हातात दिली आणि स्वतः तिच्या जागेवर जाऊन बसली. "पुढे काय करायचं, बाई?"

बेल होईपर्यंत कीर्तीनेच पाठ घेतला. मुळा चावून दाखवला, दोन पोरांना गप्प बसवलं.

शेवटी सरांनी तिला जवळ बोलावलं. "बाळ, हे तुला कोणी शिकवलं?"

"ताईन शिकयल्यान," ती अपेक्षाकडे बोट दाखवून खणखणीत म्हणाली. "रोज!"

या वेळी वर्गात कोणी हसलं नाही. पण सरांनी वहीत काय लिहायचं ते लिहिलं. मुलं आधीच पढवलेली, आणि पाठ छात्रशिक्षिकेने घेतलाच नाही. नापास. मी त्यांना जिन्यात गाठून गॅलरी, टॉवेल, चिमटे सगळं सांगितलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "मावशी, असेल तसं. पण मी मार्क कशाला देऊ? तिने शिकवलेलं मला दिसलंच नाही."

माझं डोकं फिरलं. खाली येऊन अपेक्षाला म्हटलं, "मूर्ख आहेस! मी नेत होते तर नेऊ द्यायचं. पोर पाच मिनिटं गप्प बसली असती तर काय बिघडलं असतं?"

ती पातेल्याजवळच्या पायरीवर बसली होती, डोळे पुसत. "जूनपासून गप्पच होती ना ती, मावशी. आज बोलली तर मीच तिला बाहेर काढू?"

घरी राजेशभाऊ वाट बघत होते. अपेक्षाने चप्पल काढायच्या आधीच सांगून टाकलं, नापास झाले. काउंटरवर कधीपासून जाऊ ते सांगा. मग मला राहवलं नाही. दारातूनच सगळं सांगितलं, अगदी मुळा चावला तिथपर्यंत.

त्यांनी ऐकून घेतलं. टीव्हीचा आवाज बंद केला.

"दर्शनाची पोर? ती मुकी?"

"मुकी कसली, भाऊ! बेल होईस्तोवर बोलत होती."

राजेशभाऊंनी लेकीकडे बघितलं. या माणसाने आजवर शब्द फिरवलेला मी बघितला नव्हता.

"पाठ परत कधी असतो?" त्यांनी विचारलं.

"सहा महिन्यांनी," अपेक्षा म्हणाली.

"मग दे परत," ते म्हणाले, आणि तिच्यासाठी पाणी आणायला आत गेले.