चावीचं हिरवं इंजिन

काल नातवाचा चार्जर जळला आणि त्या उग्र वासानं मी एकदम दहा वर्षांची झाले.

अमेरिकेला परत निघालेल्या एका साहेबाच्या सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यावर सामानाची विक्री होती. तिथे खेळण्यातल्या आगगाडीची दोन इंजिनं होती. एक चावीचं, हिरवं. दुसरं काळं, विजेवरचं, सोबत जड ट्रान्सफॉर्मर. मला हिरवं हवं होतं. बाबांनी विचारलं फक्त दादाला. त्यानं काळं उचललं.

घरी बाबा ट्रान्सफॉर्मरची पिन लावणार, तोच मी म्हटलं, "बाबा, याच्यावर एकशे दहा लिहिलं हाये. आपल्या बल्बवर दोनशे तीस असते." घरातले बल्ब पुसायचं काम माझंच होतं.

"तू चूप राय वं. पोरीले काय समजते इंजिनातलं?"

इंजिन रुळावर हातभर भन्नाट धावलं आणि ट्रान्सफॉर्मरमधून धूर निघाला. दादा रडायला लागला. बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "लावली ना नजर?"

काल त्याच वासात म्हातारा दादा नातवंडांना सांगत होता, "तुमच्या या आजीनं माही आगगाडी जाळली होती गा."

सगळे हसले. मी गप्पच बसले. या वेळी तर मला कोणी चूप राय म्हटलंही नव्हतं.