किल्लीकाकांना सडाफटिंग व्हायचंय

किल्लीकाका या वयात काकूंना सोडणार, ही बातमी गल्लीत आली ती इस्त्रीवाल्या वहिनींच्या टोपलीतून. वहिनी घडीचे कपडे पोचवायला काकांच्या दारापर्यंत गेल्या होत्या. दार नेहमीसारखं बोटभर उघडं होतं आणि आतून काकांचा आवाज येत होता, ‘आय विश आय वर अ बॅचलर.’ एकदा म्हणून थांबले असते तर गोष्ट वेगळी. पण जप लावल्यासारखं तेच चाललेलं. वहिनींचं इंग्रजी बेताचं, तरी बॅचलर म्हणजे सडाफटिंग माणूस आणि विश म्हणजे मनातली इच्छा, हे कळायला तेवढं पुरतं. कपडे उंबऱ्यावर ठेवून त्या तडक शिंपीमामांच्या मशीनपाशी आल्या.

“माणूस वरून किती गरीब दिसतो, नाही?” त्या म्हणाल्या.

“कोण?” मामांनी दोरा दाताने तोडला. मामांचा पाय मशीनवरून खाली आला की समजावं, आता दोन तास कुणाची पँट शिवून होत नाही.

पुढचं तिखटमीठ ज्याने त्याने आपापल्या घरून आणलं. दुपारी कुणीतरी काकांच्या दुकानात भली मोठी बॅग पाहिली. म्हणजे सामानही भरून झालं. संध्याकाळी काकू पिशवी घेऊन कोपऱ्यावर वळताना दिसल्या. म्हणजे माहेरी निघाल्या. बॅग एका गिऱ्हाइकाची होती, तिचं कुलूप अडकलं होतं. काकू भाजी आणायला निघाल्या होत्या. पण इतकी साधी कारणं ऐकायला गल्लीला वेळ नव्हता.

शेवटी शहाणपणाचे चार शब्द सांगायला शिंपीमामा गेले. बोटभर उघडं दार त्यांनी ढकललं, तर समोर काका स्टुलावर शाळकरी पोरासारखे हात बांधून बसलेले, आणि काकू लाकडी उलथन्याने टेबलावर ताल धरून उभ्या.

“‘वॉज’ म्हणालात. ‘वर’ म्हणा. पुन्हा.”

“आय विश आय वर अ बॅचलर,” काका म्हणाले.

“काकू,” मामा चाचरत म्हणाले, “हे काय म्हणतायत ते कळतंय ना तुम्हाला?”

“न कळायला काय झालं? वाक्य मीच दिलंय.”

काकूंनी त्यांना चहा दिला आणि खरा प्रकार सांगितला. तो सांगायचा तर जरा मागे जावं लागतं.

किल्लीकाका कुलपं दुरुस्त करतात आणि किल्ल्या बनवतात. दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधली एक फट; आत काका, लोखंडी पकड बसवलेलं एक छोटं टेबल, कानशी, आणि भिंतभर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. वारा आला की सगळ्या एकदम किणकिणतात. कुलूप कानाशी धरून ते किल्ली अशी हलकेच फिरवतात, जणू रुसलेल्या माणसाची समजूत काढतायत. जोर म्हणून लावायचा नाही. “अडलेल्या कुलपाला आणि चिडलेल्या बायकोला ढकलायचं नसतं,” हे त्यांचं आवडतं वाक्य, आणि काकू जवळ नसल्या तरच म्हणायचं.

त्यांची एक खोड मात्र गल्लीभर प्रसिद्ध. काका कुठलंही दार पूर्ण लावत नाहीत. तरुणपणी एकदा ते दुकानाचं दार ओढून बाहेर आले, दाराने खट् केलं, आणि किल्ली आत, हत्यारं आत, दुसऱ्यांची कुलपं आत, कुलूपवाला बाहेर. मग बाजारातल्या दुसऱ्या कुलूपवाल्याला बोलवावं लागलं. त्याने दार उघडून दिलं, पैसे घेतले, वर उपदेशही केला, आणि ती हकिगत तो अजून सांगतो. तेव्हापासून काकांचा हात दार ओढतो, पण बोटभर फट राहिली की आपोआप थांबतो. घरातही तेच. त्यामुळे मांजर हवं तेव्हा येतं, आणि घरातलं बोलणं हवं तेव्हा बाहेर जातं. गल्लीचं बरंचसं ज्ञान त्या फटीतून आलेलं आहे.

तर, रस्ता रुंद होणार म्हणून दोन इमारतींमधली ती दुकानाची जागा जायची होती. काकांना दुसरी जागा बघणं भाग होतं. नाही मिळाली तर मेहुण्याचं लोखंडी सामानाचं दुकान होतंच. मेहुणा स्वभावाने चांगला, पण बोलायला लागला की त्याला थांबवायला कुलूप सापडत नाही. “या की भावजी, बसा माझ्यापाशी, खिळे तोलत जा आणि गप्पा मारू,” असं तो प्रेमाने म्हणाला, तेव्हा काकांच्या कपाळाला घाम आला होता.

तेवढ्यात स्टेशनसमोरच्या जुन्या, मोठ्या हॉटेलातल्या किल्लीवाल्याची जागा रिकामी झाली. तिथे अजून पितळी किल्ल्या चालतात. पाहुणे किल्ली हरवतात, पेटीच्या कुलपाचे आकडे विसरतात, नाहीतर अंगावर टॉवेल असताना पेपर उचलायला बाहेर येतात आणि मागे दार बंद होतं. जिन्याखाली छोटी खोली, टेबल, उजेड, सगळं झकास. काकांचं काम पाहून हॉटेलवाले खूश झाले. पण पाहुण्यांशी बोलायचं तर इंग्रजी हवं, आणि त्याची तोंडी परीक्षा हॉटेलच्या मॅडम घेणार. पास झालं तर जिन्याखाली. नापास झालं तर मेहुणा.

म्हणून काका लाँड्रीच्या वरच्या खोलीत, संध्याकाळच्या शिकवणीला जायला लागले. शिकवणीच्या बाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या, बोलायला गोड आणि ऐकायला कडक. नाव, गाव, धंदा, ‘उजवीकडे वळा’, ‘जरा थांबा’, हे सगळं काकांना लवकर आलं. गाडी अडली ती इच्छेपाशी.

“त्या मॅडम प्रत्येकाला एक इच्छा सांगायला लावतात,” बाईंनी बजावलं होतं. “हॉटेलात पाहुणे दिवसभर तेच बोलतात. खोली मोठी असती तर, आवाज कमी असता तर. हे ज्याला समजत नाही आणि बोलता येत नाही, तो तिथे कसा टिकेल? जे होण्यासारखं आहे त्याला ‘होप’. जे नाहीच, पण असतं तर बरं, त्याला ‘विश’, आणि मग ‘वॉज’च्या जागी ‘वर’. मराठीत नाही का आपण म्हणत, मी उंच असतो तर? उंच नाही म्हणूनच ना? चला, एकेक इच्छा सांगा.”

दवाखान्यातली नर्स म्हणाली, ती उंच असती तर बरं. टॅक्सीवाला म्हणाला, त्याचा मालक बहिरा असता तर बरं; त्यावर वर्ग खूश झाला. काकांची पाळी आली.

“आय विश आय वर अ लॉकस्मिथ.”

“काका, कुलूपवाले तुम्ही आहातच.”

“हो ना.”

“मग आहे त्याची इच्छा कशी करणार? जे नाही ते मागा.”

“मला दुसरं काही व्हायचंच नाही तर काय मागू, बाई?”

“खोटं मागा. सरावापुरतं.”

“खोटं बोलायची सवय असती, तर कुलपाच्या धंद्यात मला कुणी घराची किल्ली दिली असती का?”

“बघा,” बाई म्हणाल्या, “मराठीत किती छान जमतं तुम्हाला.”

पण इंग्रजीत जमेना. राजा व्हा म्हटलं तर काका म्हणत, फार दारं असतात, लावत कोण बसणार. पक्षी व्हा म्हटलं तर म्हणत, मला उंचावर गरगरतं. उंची पुरेशी, मांजर पुरेसं, चहा पुरेसा. मनाला कशाची उणीवच नाही. असा विद्यार्थी बाईंना आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता, आणि त्यांना त्याचं काय करावं ते समजत नव्हतं.

घरी हे ऐकून काकूंनी उलथनं हातात घेतलं. काकू शिकवणीला जात नव्हत्या, पण काका घरी येऊन मोठ्याने उजळणी करत, आणि भाजी ढवळता ढवळता काकूंचं इंग्रजी त्यांच्या दोन पावलं पुढे गेलं होतं.

“जे तुम्ही नाही, आणि जन्मात पुन्हा होणार नाही, असं वाक्य हवंय ना?” त्या म्हणाल्या. “मग म्हणा, आय विश आय वर अ बॅचलर.”

“अगं, कुणी ऐकलं तर?”

“ऐकलं तर ऐकू देत. परीक्षा तुमची आहे, त्यांची नाही.”

झालं. सगळ्या गल्लीने ऐकलं. शिंपीमामा चहा संपवून खाली आले तेव्हा वहिनींनी विचारलं, “मग? किती दिवसांत?” मामा म्हणाले, “परवा. परीक्षा आहे.” आणि मशीन चालवायला बसले. बातमी इतकी स्वस्तात संपल्याचं त्यांनाही वाईट वाटलं होतं.

परीक्षेच्या दिवशी काकूंनी काकांना पांढरा सदरा घालायला लावला आणि स्वतः पिशवी, छत्री घेऊन बरोबर निघाल्या. रस्ताभर उलथनं नव्हतं, म्हणून छत्रीची दांडी ताल धरत होती. हॉटेलच्या गालिच्यावर दोघांच्या चपलांचा आवाज होईना, तेव्हा काका घाबरले. आपण चालतोय की नाही हेच कळत नाही, म्हणाले. मॅडमच्या खोलीबाहेर बाक होता. शिपायाने सांगितलं, एकट्यानेच आत जायचं. काकूंनी त्यांची कॉलर सारखी केली.

“‘वर’,” त्या म्हणाल्या.

काका आत गेले. मागे हात नेऊन त्यांनी दार ओढलं, आणि हात आपल्या सवयीने थांबला.

मॅडमचे केस पिकलेले, आवाज मऊ. सगळं इंग्रजीतच चाललं. नाव झालं, धंदा झाला. मॅडमनी विचारलं, समजा पाहुणा म्हणाला, ‘आय विश द रूम वर क्वायटर,’ तर तुम्हाला काय कळलं? काका म्हणाले, खोलीत गडबड आहे; मी आधी जाऊन खिडकीची कडी बघेन. मॅडमनी मान डोलावली. आणि मग तो प्रश्न आला.

“आता तुमची स्वतःची एक इच्छा सांगा.”

वाक्य जिभेवर तयार होतं. ‘आय विश’पर्यंत ते आलंही, आणि तिथे अडलं. काकांनी मनातल्या मनात किल्ली इकडे फिरवली, तिकडे फिरवली. घरी तेच वाक्य कसं सुरळीत यायचं, कारण समोर उलथनं हलत असायचं आणि त्यामागे काकू हसू दाबून उभ्या असायच्या. ती असताना ‘ती नसती तर’ म्हणण्यात गंमत होती. इथे ती नव्हतीच. समोर एक अनोळखी बाई, घड्याळाची टिकटिक आणि भला मोठा गालिचा. हिला हे वाक्य सांगितलं तर हिला ते खरंच वाटेल. डोळ्यांसमोर मेहुणा आला, खिळ्यांची टोपली पुढे सरकवत.

जोर लावायचा नाही, त्यांनी स्वतःला सांगितलं. आणि मग आपल्याला नेमकं काय हवंय हे त्यांना इतकं स्वच्छ दिसलं, की तोंडातून आपोआप निघून गेलं.

“आय विश माय वाइफ वर हिअर.”

मॅडम काही बोलायच्या आत दार धाडकन उघडलं. कडी न लागलेल्या दाराला कान लावून, सगळा भार त्याच्यावर टाकून उभ्या असलेल्या काकू, आपलं नाव निघाल्याबरोबर अजून जरा पुढे रेलल्या होत्या. पिशवी, छत्री आणि काकू, या क्रमाने सगळं गालिच्यावर आलं. पडल्या नाहीत, पण पडल्यापेक्षा जास्त दिसल्या.

काकांनी डोळे मिटून घेतले. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“तुमची इच्छा तर पुरी झाली,” त्या म्हणाल्या. “बायको इथेच आहेत. म्हणजे ते वाक्य आता चालणार नाही. दुसरं सांगा.”

काकांनी काकूंकडे पाहिलं. छत्रीकडे पाहिलं. या खेपेला त्यांना क्षणभरही शोधावं लागलं नाही.

“आय विश शी वर आउटसाइड.”

काकूंनी पदर सावरला, छत्री उचलली आणि मराठीत म्हणाल्या, “‘वॉज’ नाही म्हणालात, एवढं तरी केलंत.”

मॅडमना तेवढं मराठी येत होतं. त्या इतक्या हसल्या की शिपाई आत डोकावून गेला. हसू आवरल्यावर त्यांनी काकांना पहिलं काम सांगितलं, या दाराची कडी तपासा, लागत नाही वाटतं. काका घाईघाईने म्हणाले, “लॅच इज गुड, मॅडम. आय ॲम बॅड.” याला व्याकरणाचे किती गुण मिळाले कुणास ठाऊक, पण सोमवारपासून जिन्याखाली या, असं मॅडमनी सांगितलं.

मेहुण्याला फार वाईट वाटलं. ते त्याने तासभर फोनवर सांगितलं, आणि काका आनंदाने ऐकत राहिले. शिकवणीच्या बाईंनी दोन्ही वाक्यं फळ्यावर लिहिली. टॅक्सीवाल्याने दुसरं उतरवून घेतलं. जिन्याखालच्या खोलीत आता किल्ल्या टांगल्या आहेत. तिथल्या दारालाही फट असते, आणि हॉटेलातलं मांजर त्यातून जाऊ-येऊ लागलंय, असं ऐकतो.

गल्लीत सगळ्यात जास्त अवघडल्या त्या इस्त्रीवाल्या वहिनी. पुढच्या खेपेला कपडे पोचवायला गेल्या तेव्हा त्यांनी दाराबाहेरूनच, जरा ठसक्यात ऐकवलं, “काका, आता तरी दार लावून घेत जा. तुम्ही काहीबाही बोलता, आम्हाला ऐकू येतं, आणि नाव मात्र आमचं खराब होतं.”

आतून काका म्हणाले, “लावलं असतं हो वहिनी. पण मग आमच्याकडे काय चाललंय ते बघायला तुम्हा सगळ्यांना आत यावं लागलं असतं, आणि चहा आम्हाला करावा लागला असता.”