अर्विंगच्या कपाटातलं चीवर

चीवर म्हणजे भन्तेजींचं, बौद्ध भिक्खूंचं वस्त्र. पावसाळ्यातला त्यांचा वर्षावास संपला की आमच्या नागपूरच्या विहारात लोक चीवरदान करतात आणि आईच्या लेखी वर्षातलं सगळ्यात मोठं पुण्य तेच. २००३ मध्ये मी नोकरीसाठी टेक्सासला, अर्विंगला निघाले तेव्हा तिनं माझ्या बॅगेत लोणच्याच्या बरणीखाली एक कोरं चीवर घडी करून ठेवलं. "तिकडंही कुणी भन्तेजी असतीलच. माझ्या नावानं दे," म्हणाली. मी ते अर्विंगच्या कपाटात, जाड कोटाच्या शेजारी ठेवून दिलं.

दर रविवारी सकाळी मी कॉलिंग कार्डचा लांबलचक नंबर दाबून घरी फोन लावायची. नोकरी, जेवण, थंडी यांची चौकशी दोन मिनिटांत उरकून ती मुद्द्यावर यायची. "दिलं का वं चीवर?"

घरापासून वीस मिनिटांवर थाई लोकांचं विहार आहे, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. मी गेले नाही. कामाचं कारण मी आईला सांगत होते, खरं कारण वेगळं होतं. आमच्या अपार्टमेंटमध्ये निम्मी मंडळी पुण्या-मुंबईची. ओळख झाली की दुसरा प्रश्न आडनावाचा आणि तिसरा, "म्हणजे तुम्ही नेमके कोण?" माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून फारसा पत्ता लागत नाही. तो न लागण्यात मला सोय वाटू लागली. मंडळाच्या गणपतीत मी मोदक वळले, आरतीला टाळ्या वाजवल्या, सगळ्यांत मिसळले आणि घरी येऊन एकटीच बसून राहिले. रविवारी सकाळी कुठे निघालीस, असं पार्किंगमध्ये कुणी विचारलं तर विहारात, असं सांगावं लागलं असतं. तेवढं एक वाक्य माझ्याच्यानं होईना.

शेवटी एका रविवारी मी म्हणाले, "हो आई, दिलं."

"हातानं दिलं नं? काय म्हणाले भन्तेजी?"

"आशीर्वाद दिला."

ती रडायलाच लागली. मला वाटलं, सुटले एकदाची.

पुढच्या हिवाळ्यात आई गेली. भावाचा फोन आला तेव्हा माझे व्हिसाचे कागद अडकलेले होते. वकील म्हणाला, आता देशाबाहेर गेलात तर परत येता येईल याची खात्री नाही. मी गेले नाही. हे वाक्य मी बऱ्याच वेळा सजवून पाहिलं आहे, पण ते तेवढंच आहे. तिच्या पुण्यानुमोदनाची, म्हणजे दिवसकार्याची वंदना मी फोनवर ऐकली, तीही मध्येच कार्ड संपल्यामुळे अर्धीच.

दहा महिन्यांनी कागद आले आणि मी नागपूरला गेले. चीवर बरोबर नेलं होतं. म्हटलं, आपल्याच विहारात गुपचूप देऊन टाकू. पण पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या मावशी आल्या, माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुझ्या आईनं साऱ्या विहारात सांगितलं होतं, माझ्या लेकीनं अमेरिकेत चीवरदान केलं. पुण्यानुमोदनात भन्तेजी पण बोलले त्याच्यावर." भाऊ अभिमानानं मान हलवत होता. माझी बॅग त्याच खोलीत, त्याच्या पायाशी होती. ती मी परतीच्या दिवसापर्यंत पूर्ण उघडलीच नाही.

परतीचं विमान बँकॉकवरून होतं, मध्ये दोन दिवस मिळत होते. तिथे आपल्याला कोण ओळखतंय, आणि भन्तेजी तर पावलोपावली. तिथे देऊ, असं ठरवलं. आईला तिथली देवळं बघायचीही होती. आमच्या स्वयंपाकघरात कुठल्याशा कॅलेंडरवरचा निजलेला सोनेरी बुद्ध कितीतरी वर्षं लटकत होता. ग्रीन कार्ड झालं की तुला नेते, असं मी तिला म्हणाले होते.

मी ती सगळी एकटीनं पाहिली. राजवाड्यातल्या देवळात हिरव्या पाचूसारख्या दगडाची इवलीशी मूर्ती, तिला ऋतूप्रमाणे बदलायचे तीन पोशाख. माझ्या खांद्यावरच्या पिशवीत एक चीवर, तेही न दिलेलं. मग कॅलेंडरवरचा बुद्ध. तो एवढा लांब की एका नजरेत मावत नाही, डोक्याकडून पायांकडे चालत जावं लागतं. तळपायांवर शिंपल्याचं बारीक जडावकाम. जोडपी एकमेकांचे फोटो काढत होती. एका गोऱ्या बाईनं विचारलं, तुमचा काढू का? मी नको म्हणाले. तो फोटो दाखवायचा कुणाला?

बाहेरच्या अंगणात एक तरुण भन्तेजी दिसले. मी पुढे झाले, गुडघे टेकले, चीवर समोर ठेवलं आणि आई करायची तसं त्यांच्या पायांना हात लावायला वाकले. आमच्या वस्तीतले म्हातारे भन्तेजी त्याला कधी काही म्हणाले नव्हते. हे मात्र चटका बसल्यासारखे दोन पावलं मागे सरले, हात वर केला, भराभरा काहीतरी बोलले. लोक वळून बघू लागले.

माझ्या अंगातून जी सणक गेली ती शिकलेल्या, पासपोर्टवर चार देशांचे शिक्के असलेल्या बाईची नव्हती. ती माझ्या आजीची होती. तिला पाणी वरून ओतत असत. मनात आलं, इथेही? बुद्धाच्याच अंगणात? मी चीवर उचललं आणि चालू लागले. मागून ते काहीतरी सांगत होते, मी थांबले नाही. मला राग आला की ऐकू येत नाही, हा माझा जुना दोष. होडीनं नदीपलीकडच्या देवळात गेले, उभ्या पायऱ्या चढले, फुटक्या चिनी मातीच्या तुकड्यांची फुलं पाहिली आणि वर बसून घळाघळा रडले. चीवर पुन्हा अर्विंगच्या कपाटात गेलं.

ऑफिसजवळच्या थाई हॉटेलात मी अधूनमधून जेवायला जायची. गल्ल्यावर एक वयस्कर थाई बाई असायच्या. मी बँकॉकला जाऊन आले हे बोलण्यात निघालं तेव्हा त्यांनी विचारलं, कसं वाटलं? मी फणकाऱ्यानं सगळं सांगून टाकलं. त्यांनी डोक्याला हात लावला.

"तू त्यांना हात लावलास? बिचारे! बायकांनी भिक्खूंना हात लावायचा नसतो. नियम आहे त्यांचा. मोडला तर दोष त्यांना लागतो."

"म्हणजे माझ्यासारख्यांनी," मी म्हणाले. मला तेच ऐकायचं होतं बहुतेक.

"सगळ्यांनी. मी सुद्धा नाही. माझा मुलगा तीन महिने भिक्खू होता, मी त्याची आई. मी सुद्धा नाही."

मग म्हणाल्या, "रविवारी ये. मी घेऊन जाते."

त्या रविवारी सकाळी पार्किंगमध्ये समोरच्या ब्लॉकमधल्या काकू भेटल्याच. "अगं, पांढरी साडी! कुठे निघालीस?"

"विहारात. आम्ही बौद्ध आहोत, काकू."

"अय्या, हो का?" त्या म्हणाल्या, आणि थोडं थांबून, "गाडी नीट चालव हं." बास. याला मी तीन वर्षं घाबरत होते.

विहार म्हणजे साधं बैठं घर होतं, दाराशी चपलांचा ढीग. म्हाताऱ्या भन्तेजींनी स्वतःसमोर एक रुमाल पसरला, एक टोक आपल्या हातात धरलं. बाईंनी मला कोपरानं ढोसलं. मी चीवर त्या रुमालावर ठेवलं, त्यांनी रुमाल आपल्याकडे ओढला. मग त्यांनी विचारलं, कुणासाठी? मी म्हणाले, आईसाठी. पाली भाषेतलं पठण सुरू झालं. सूर निराळा, पण बहुतेक शब्द आमच्याच वंदनेतले. ते म्हणत होते तोवर मी पितळी भांड्यातून वाटीत पाण्याची धार धरली होती. ते पुण्य असं पाण्यासोबत गेलेल्या माणसाला पोचतं म्हणे. नंतर ते पाणी मी बाहेरच्या झाडाच्या मुळाशी ओतलं.

घरी आले, कार्ड काढलं, नंबर दाबला. रविवार होता, बोटांना सवय होती. फोन भावानं उचलला.

"अरे, आज इथल्या विहारात आईच्या नावानं चीवर दिलं," मी म्हणाले.

"पुन्हा?" तो आनंदून म्हणाला. "किती करतेस गं तिच्यासाठी!"

कार्डवर मिनिटं भरपूर होती.

"हो," मी म्हणाले. "पुन्हा."