मराठी माध्यमाचं निमित्त

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. परवा म्हापशाच्या बाजारात सुमन दिसली — पाळी गावात आमच्या शेजारी राहायची ती — आणि मी, साठीचा माणूस, कांद्याच्या ढिगाआड लपलो. इतक्या वर्षांनी कसली भीती, म्हणाल. पण आहे.

गोवा नुकतंच घटकराज्य झालं होतं. राजभाषा कोकणी की मराठी, हा वाद घराघरांत धुमसत होता. आणि खाणीवर ट्रक चालवणाऱ्याच्या मुलाला, म्हणजे मला, दोन नामांकित विद्यापीठांत एम.एस्सी.ला जागा मिळाली. मुलाखतीला गेलो तेव्हा दोन्ही पाहिली होती. उत्तरेकडच्याची गणितात बरोबरी नव्हती. दक्षिणेकडचं बरं होतं; पण तिथली झाडं, मैदान, मेसमध्ये पाहुण्याला सरकून जागा देणारी मुलं!

शाळेत गणित शिकवलेले सर म्हणत, उत्तरेला जा. पण तिथे मी एका वर्गात तासभर बसलो होतो ना. मुलं प्राध्यापकांना अडवत होती, वाद घालत होती. एकाने वळून मलाच विचारलं, तुला काय वाटतं? मी खाली वाकून चपलेचा पट्टा लावू लागलो. तिथे दोन वर्षं — रोज?

मी दक्षिण निवडली. घाबरलो, दुसरं काही नाही. पण सरांना हे कुठल्या तोंडाने सांगायचं? मी म्हणालो, उत्तरेवाल्यांनी घेतलं नाही. का, विचारलं तर बोलून गेलो — शाळा मराठी माध्यमाची, म्हणून.

त्या दिवसांत हे कुणालाही पटलं असतं. सर संतापले. वडील ट्रकची किल्ली उचलून कामावर गेले. मी मात्र पोस्टमनची सायकल दिसली की धावत जाऊन टपाल आधी हातात घ्यायचो — प्रवेश का घेतला नाहीस, असं विचारणारं पत्र तिथून आलं तर?

सुमन सरांचीच विद्यार्थिनी. माझ्यामागे एक वर्ष आणि — लिहितोच आता — माझ्याहून हुशार. पुढच्या वर्षी सुट्टीत तिच्या घरी गेलो, तर उत्तरेचा अर्ज टेबलावर कोराच. अपमान करून घ्यायला जाऊ नकोस, असं सरांनी तिला सांगितलं होतं. पेडण्याच्या शाळेतली नोकरी तिने पत्करली होती.

"दादा, तुका घेवंक ना, म्हाका कोण घेतलो?" ती म्हणाली — तुला घेतलं नाही, तर मला कोण घेणार — आणि माझ्याकडे बघत राहिली. ते खोटं आहे गं, एवढंच म्हणायचं होतं मला. मुदत संपायला अजून आठवडा होता.

मी चहा संपवला. म्हणालो, "बरें केलें."