पुसलेली धूळ

काल सिल्वासाच्या बाजारात एका दुकानातून मुलतानी मातीचा वास आला आणि मला खेरडीजवळ लागलेला तो मालिकेचा सेट आठवला.

सेट सजवायचं काम माझं होतं. गरीब घराचं स्वयंपाकघर उभं केलं होतं आणि भांडी जुनी, वापरलेली दिसावीत म्हणून सकाळभर खपून मी त्यांच्यावर मुलतानी मातीची धूळ बसवली होती. त्या दिवशी आई डोकमर्डीहून पहिल्यांदाच माझं काम बघायला आली. कौतुकाने तिने फळीवरची भांडी पाहिली आणि मी पोहोचेपर्यंत पदराने लख्ख पुसून टाकली.

"कोण आहे ही बाई?" दिग्दर्शक ओरडले.

"नवीन कामवाली आहे, सर," मी म्हणाले.

आईने ते ऐकलं. ती भिंतीशी गेली आणि संध्याकाळपर्यंत तिथेच उभी राहिली. परतताना रिक्षात तिने विचारलं, "तिथल्या कामवाल्या बायांना चहा तरी देतात का वं?"

मला तो टोमणा वाटला. मी रिक्षाबाहेर बघत राहिले.

आईने वीस वर्षं दोऱ्याच्या कारखान्यात झाडू मारला होता. आता ती नाही, आणि आता वाटतं, तिला ते खरंच विचारायचं होतं. सेटवरच्या कामवाल्यांना चहा मिळतो की नाही, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं.