गढीतलं एक कुलूप

आर्णीला माझा शिवणक्लास आहे. घराच्या पुढच्या खोलीत चार मशिनी, अकरा ते दोन. मागच्या हिवाळ्यात क्लासमधल्या एका पोरीनं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. आमच्यापासून दीडेक तासावर एका गावात जुनी गढी आहे, ती दुरुस्त करून लोकांना पाहायला उघडली होती. वरच्या मजल्यावर एका खोलीत त्या घरातल्या बायकांचे जुने कपडे काचेत मांडलेले दिसले. एक चोळी पडद्यावरून सरकली आणि मी म्हटलं, थांब, मागे घे. बगलेत कापड असं बसवलेलं की एक चुणी नाही. मी वीस वर्षं ब्लाऊज शिवते आहे, मला ते असं जमलेलं नाही.

"चला, पाहून येऊ," मी म्हटलं, आणि दहा जणी तयार झाल्या. एक क्रूझर ठरवली.

आदल्या संध्याकाळी सासूबाई माझ्या मशिनीजवळ येऊन उभ्या राहिल्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "मीबी येतो."

मी मशीन थांबवली. लग्न, मयत आणि दवाखाना सोडून ही बाई घराबाहेर पडलेली मी पाहिली नव्हती. कुठं जायचंय, काय पाहायचंय हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, आणि कोणी विचारलंही नव्हतं. मी तरी कुठं विचारलं होतं?

सकाळी त्यांनी चहा घेतला नाही. त्यांना शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, तासातासाला उठावं लागतं. पाणीही नको म्हणाल्या. "रस्त्यात कुठं जातं वं?" गाडीत बसल्यावर पाहिलं तर सगळ्यांच्याच बाटल्या गळ्यापर्यंत भरलेल्या. सकाळपासून कोणी प्यालंच नव्हतं. हे आम्हाला कोणी शिकवत नाही. पोरगी शाळेत जायला लागली की आपोआप शिकते.

ऊन चढलं तसे सासूबाईंचे ओठ सुकले. मी म्हटलं, "आई, प्या थोडं. एवढी मोठी गढी हाय, तिकीट लावलं हाय, तिथं सोय असंलच ना." माझ्या शब्दावर त्यांनी अर्धी बाटली संपवली. त्या दिवसाचा राग काढताना मी ही गोष्ट वगळत नाही. पाणी मी पाजलं.

गढीच्या दारात तिकीट घेताना पहिला प्रश्न मी तोच विचारला. तिकीटवाल्यानं वर न पाहता सांगितलं, "काम चालू आहे." मी आजूबाजूला पाहिलं. ना वाळू, ना विटा, ना गवंडी. पण मागे लोक उभे होते आणि आमचा गाईड हाका मारत होता. सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे, मले आता नाही लागत." आम्ही आत गेलो.

गाईड बाहेरून आणलेला होता. कडक इस्त्रीचा कुडता, बोलणं पाठ केलेलं. त्याच्यासोबतच फिरायचं, मागे राहायचं नाही, पुढे जायचं नाही असा नियम. त्यानं दिवाणखाना दाखवला, तलवारी दाखवल्या, धान्याची पेवं दाखवली. मग एका अरुंद जिन्याशी थांबून म्हणाला, "मंडळी, हा खास बायकांचा जिना. परक्या पुरुषाला घरातल्या स्त्रीचं नखसुद्धा दिसू नये, इतकी काळजी घेतलेली होती. स्त्रियांचा केवढा मान!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

जिना चढून गेलो तर पुढे न्हाणीघर. लाल दोरीच्या पलीकडे पांढराशुभ्र चिनीमातीचा कमोड, त्यावर निळी फुलं. विलायतेहून बोटीनं, मग रेल्वेनं, शेवटी बैलगाडीनं कसा आणला ते गाईड रंगवून सांगू लागला. पोरी तोंडाला ओढणी लावून हसत होत्या. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. 

"मले जा लागते," त्या कानात म्हणाल्या.

मी गाईडला बाजूला घेतलं. तो अवघडला. "बाहेर, गेटच्या मागं शेत आहे. बायका तिकडेच जातात."

ते शेत मी येताना पाहिलं होतं. सोयाबीन निघून गेलेलं, उघडं रान, आडोशाला कपाशीची एक पळाटीही नाही. बाजूनं डांबरी रस्ता. आणि सासूबाईंचे गुडघे असे, की त्या खाली बसल्या तर दोघींनी धरून उठवावं लागतं.

आमच्यातल्या एकीनं तेवढ्यात खिडकीतून खाली पाहिलं. चौकाच्या कोपऱ्यात एक लग्न ठरलेलं जोडपं फोटो काढून घेत होतं. लग्नाआधीचं शूटिंग, हल्ली सगळेच करतात. नवरी कपडे बदलून एका खोलीतून बाहेर आली, तिच्यामागे एका माणसानं दाराला कुलूप लावलं. "मॅडम, तिथं संडास हाय," आमची पोरगी मला म्हणाली. "नवा हाय. मले टाईल्स दिसली."

सासूबाईंना घेऊन आम्ही हळूहळू जिना उतरलो. तो माणूस म्हणजे तिथला मॅनेजर निघाला. पांढरा शर्ट, किल्ल्यांचा जुडगा बोटात.

"ते शूटिंगवाल्यांसाठी आहे," तो म्हणाला. "बुकिंग असतं."

"म्हाताऱ्या आहेत हो, शुगर आहे. दोन मिनिटं उघडा."

"मॅडम, एकीला उघडून दिलं की सगळ्या येतात."

"मंग सगळ्याईले द्या ना उघडून! आम्ही काय फुकट आलो का?"

"आवाज कमी करा. इथं संस्कृती जपायचं काम चालतं."

मला पुढचं नीट आठवत नाही, एवढं मी त्याला बोलले. माझं बोट त्याच्या नाकासमोर होतं. तो किल्ल्या एका हातातून दुसऱ्या हातात घेत होता. आणि माझं मनगट धरलेला हात सुटला.

मी वळून पाहिलं. सासूबाई खांबाला टेकून उभ्या होत्या, डोळे मिटलेले. पायाखालच्या नक्षीच्या फरशीवर पाणी पसरत होतं. लुगडं भिजून पायाला चिकटलं होतं.  ओठ घट्ट दाबलेले.

"अरे, फरशी!" मॅनेजर ओरडला. "ओरिजिनल फरशी आहे ती!"

मी आयुष्यात कोणावर हात उचललेला नाही. त्या क्षणी उचलला असता. थांबले ते एवढ्यासाठीच की आमच्या पोरींनी तोवर सासूबाईंना घेरलं होतं. बाहेर पाठी करून, ओढण्या पसरून, एक गोल. चौकात पन्नासेक माणसं असतील, त्यांतल्या एकालाही त्या दिसल्या नाहीत. क्लासमधली एक मुसलमान पोरगी, आमच्याच गल्लीतल्या मेकॅनिकची बायको, तिनं तिथंच बुरखा उतरवला आणि गोलात दिला. "आजी, ये पहन लो. नवाच हाय, ईदचा."

ती नवरी धावत आली. अंगावर जरीचा शालू, हातात मोबाईल. तिनं मॅनेजरसमोर हात पसरला. "किल्ली द्या." तिला त्यानं दिली. लगेच दिली. तिचं बुकिंग होतं ना.

दोघी जणी सासूबाईंना आत घेऊन गेल्या. मी बाहेर थांबले. मॅनेजरनं झाडणाऱ्या बाईला हाक मारली. गावातलीच होती, माझ्या वयाची. बादली ठेवून ती फरशी पुसू लागली. मी तिच्या हातातलं फडकं घ्यायला वाकले, तिनं दिलं नाही. खाली मान घालूनच म्हणाली, "राहू द्या ताई. मी रोज ते संडास धुतो. पण मलेबी वावरातच जा लागते."

मॅनेजरनं ते ऐकलं. ऐकून फोटोवाल्यांकडे निघून गेला.

चोळ्यांची खोली आम्ही पाहिली नाही. गाईडनं एकदा म्हटलं, "वरचं दालन राहिलंय." आम्ही गाडीकडे चालू लागलो.

परतताना क्रूझरमध्ये सासूबाई खिडकीशी बसल्या, काळ्या बुरख्यात, चेहरा उघडा. पोरी उगाच इकडचं तिकडचं बोलत राहिल्या. आर्णीचे दिवे दिसायला लागले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "घरी सांगू नोको."

नवऱ्याला मी सांगितलं नाही. बुरखा धुऊन, इस्त्री करून परत दिला. पण माझं डोकं थंड होईना. कापायला बसले की कात्री चुकायची. चौथ्या दिवशी मी गढी चालवणाऱ्या ट्रस्टला अर्ज लिहायला घेतला. सासूबाई दारात उभ्या होत्या. "लिही," म्हणाल्या. "माह्यं नाव नोको टाकू. बाकी सारं लिही." मी सारं लिहिलं. फरशीचंही.

उत्तर आलं नाही. दोन महिन्यांनी त्या मेकॅनिकच्या बायकोचा दीर कामासाठी तिकडे गेला, त्यानं फोटो पाठवला. गढीच्या दाराशी नवाकोरा बोर्ड. 'आत प्रसाधनगृहाची सोय नाही. पर्यटकांनी, विशेषतः ज्येष्ठ महिलांनी, आपली सोय आधीच करून यावे.'

मी तो दोनदा वाचला. मग तिकिटावर छापलेला नंबर लावला. क्लास चालू होता. मॅनेजरच होता फोनवर. मी कोण ते सांगताच त्यानं ओळखलं.

"बोर्ड लावला ना मॅडम," तो म्हणाला. खरंच खूश होता. "तुमच्याच अर्जावरून लावला."

"बोर्ड ठोकाले माणूस भेटला तुम्हाले, आन् किल्ली फिरवाले नाही भेटला?"

"तुम्ही पुन्हा तेच सुरू करू नका."

"पुन्हा? अजून संपलं कुठं हाय?"

चारही मशिनी थांबल्या. माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार, कारण समोरचा किराणावाला बाहेर येऊन पाहू लागला. सासूबाई आतून आल्या. त्या दिवसापासून त्या कुठं गेल्याच नव्हत्या. भाचीच्या लग्नालाही नाही. गुडघा दुखतो, असं त्यांनी भावाला कळवलं होतं, आणि त्यानं ते मानलंही होतं.

"दे इकडे," त्या म्हणाल्या.

मी फोन दिला. त्यांनी तो कानाला उलटा लावला, एका पोरीनं सरळ करून दिला.

"बाप्पा," त्या हळूच म्हणाल्या, "तुही माय जिती हाय का?"

पलीकडून काहीतरी उत्तर आलं. मला ऐकू आलं नाही.

"हाय ना? मंग तिले घेऊन ये एकदा गढी दाखवाले. शेतातून नोको आणू. सामोरच्या दारानं आण. आन् पहिले पोटभर पाणी पाजजो."

त्यानं फोन ठेवला. सासूबाईंनी मोबाईल माझ्या मशिनीवर ठेवला आणि आत जाऊन भाजी चिरायला बसल्या. मी त्याच दुपारी दुसरा अर्ज लिहिला, या वेळी तहसील कचेरीच्या नावानं, खाली अकरा जणींच्या सह्या. पोच मिळाली आहे. पुढं काही झालेलं नाही. दर सोमवारी मी कचेरीत जाऊन विचारते, आणि तिथला बाबू मला दुरून पाहिलं की फाईल उघडून तिच्यात तोंड घालतो.