मेव्हण्याचा खोका आणि मांयची खुर्ची

माझ्या मेव्हण्याइतका जीव तोडून वाजवणारा आणि तरीही त्याच्याइतका कुणालाच ऐकू न येणारा वादक अख्ख्या सिंधुदुर्गात दुसरा सापडायचा नाही. लग्न असो, साखरपुडा असो, चर्चचं फेस्त असो, हा आपला बँडच्या मागच्या रांगेत, ड्रमवाल्याच्या काखेत उभा. फोटोत त्याचा एक कान आणि गिटारची मान एवढंच येतं. वाजवतो काय, तर बेस गिटार. मी कट्टा गावच्या बाजारात किराणा दुकान चालवणारा माणूस, मला गूळ कळतो, खोबरं कळतं. बेस गिटार म्हणजे काय हे माझं लग्न होऊन कैक वर्षं गेली तरी कळलं नव्हतं. साध्या गिटारला सहा तारा, हिला चार, पण जाडजूड. साधी गिटार 'टिंग' करते, ही 'धुम्म' करते, आणि तो धुम्म बाकीच्यांच्या दंग्यात कुठे जिरतो ते देवाला ठाऊक. लग्नाला आलेला प्रत्येक म्हातारा त्याला विचारतो, "काय रे, दोन तारा तुटल्यो?" आणि हा तितक्याच गंभीरपणे सांगतो, "नाय हो, त्यो घराकडे ठेवन इलंय."

बरं, हा वाजवतो त्यापेक्षा पारखतो जास्त. कुणाच्याही घरी गेला की चपला दारात काढणार, आत पहिलं पाऊल टाकणार आणि टाच आपटणार. "फरशी. मेली." दुसऱ्या घरी, "कोबो. काय उपयोग नाय." आवाज जमिनीतून कसा जाईल यावर त्याची गावातल्या घरांची प्रतवारी ठरलेली. आमच्या घराला त्याने आजवर पास केलेलं नाही, आणि जेवायला मात्र आठवड्यातून दोनदा इथेच असतो. तरुणपणी एकदा मुलगी बघायला आम्ही त्याला धामापूरकडे घेऊन गेलो होतो. मुलीने सरबत आणून दिलं, आणि हा गडी वर माळ्याकडे बघत बसलेला. परत येताना सासूबाईंनी विचारलं, कशी वाटली? तर म्हणाला, "माळो मस्त आसा. सागवानी." लग्न जमलं नाही ते नाहीच. माझ्या चुलत्याच्या मयताला तर त्याने कहर केला. सगळे मान खाली घालून उभे, पाद्री प्रार्थना म्हणतायत, आणि याने शवपेटीवर बोटाच्या पेराने हळूच टकटक केलं. माझ्या बायकोने त्याला असा चिमटा काढला की तो कळवळला. लोकांना वाटलं, माणूस किती हळवा!

पण त्याचा खरा जीव अडकलाय तो अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरच्या खोक्यात. नवा जावई शोधताना माणसं करत नाहीत इतक्या चौकशा तो यासाठी करतो. किती वॉट, स्पीकर पंधरा इंची एक की दहा इंची चार, उघड्या अंगणात चालेल की हॉलमध्ये. मी एकदा कंटाळून विचारलं, "अरे, एक मोठ्ठा अ‍ॅम्प घे आणि मोकळा हो की!" त्यावर त्याने मला समोर बसवलं आणि दुकानात गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना शिकवणी घेतली. "भावोजी, अ‍ॅम्प म्हणजे भूक आणि खोको म्हणजे पोट. भूक मोठी आणि पोट ल्हान, तर पोट फुटता. पोट मोठा आणि भूकच नाय, तर माणूस नुसतो जांभये देता." तेव्हापासून तो माणसांनासुद्धा याच मापाने मोजतो. बँडचा मालक म्हणजे कीबोर्डवाला, त्याच्याबद्दल याचं मत, "नुसती भूक."

त्याचा स्वतःचा खोका होता तो फणसाच्या लाकडाचा. होड्या बांधणाऱ्या सुताराकडून करवून घेतलेला, काळा रंग दिलेला, आणि वजनाला असा की बँडची पोरं त्याला 'म्हैस' म्हणायची. म्हशीला टेम्पोत चढवायचं म्हणजे चार जणांचं काम, आणि त्यांत एक मी, कारण फुकटचा माणूस. माझी कंबर आजही पावसाळ्यात त्या म्हशीची आठवण काढते.

या सगळ्याचं मूळ त्याची आई, म्हणजे माझ्या सासूबाई. आम्ही सगळे त्यांना मांय म्हणतो. घरात ही दोघंच, मांय आणि तिचा झील, म्हणजे मुलगा. मांयला ऐकू येणं हळूहळू कमी होत गेलं. सुरुवातीला तिला वाटलं की आजकाल माणसं सुधारली, हळू बोलायला लागली. मग पूर्ण बंद झालं. कानाचं मशीन आणलं, तर म्हणाली ह्यात कावळे ओरडतात, आणि ते घरातल्या आल्तारावर, म्हणजे आमच्या देवघरात, मेणबत्त्यांच्या पेटीत ठेवून दिलं. गाण्याची भारी शौकीन बाई! तरुणपणी मांडो, ती संथ लयीची कोकणी प्रेमगीतं, सुंदर गायची, असं बायको सांगते. आणि आता लग्नाला जाऊन बसली की मुक्या सिनेमासारखं बघायचं. एका फेस्ताला जागा नव्हती म्हणून तिची खुर्ची अगदी म्हशीला खेटून टाकली. गाणं सुरू झालं आणि थोड्या वेळाने मांयची छत्री जमिनीवर ठोके देऊ लागली. बरोब्बर तालात. मेव्हण्याने ते पाहिलं, आणि त्या दिवसापासून त्याला दुसरा श्रोता लागला नाही. बाकीची गाणी तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत. हा एकटा पोहोचतो, पायांतून. घरी गेल्यावर ती त्याला चुकासुद्धा सांगते. "त्या तिसऱ्या गाण्यात झोपलेलंस काय रे?" आणि खरंच तो झोपलेला असतो.

माझ्या मुलीचं लग्न तोंडावर आलं आणि म्हैस मेली. वाळवी लागली होती खालून, कुणाला कळलंच नाही. एका साखरपुड्याला उचलताना तळ सुटला आणि स्पीकर धाडकन पायरीवर. मेव्हणा तिथेच मांडी घालून बसला. कीबोर्डवाला म्हणाला, बरं झालं, आता हे लटांबर नकोच, बेसची वायर सरळ साउंडवाल्याला देऊ, त्याच्या बाजूच्या मोठ्या स्पीकरमधून येईल आवाज; नाहीतर मी डाव्या हाताने वाजवतो की बेस! मेव्हण्याला स्वतःचं काही वाटलं नाही. पण ते मोठे स्पीकर उंच स्टँडवर असतात आणि मांयची खुर्ची जमिनीवर. मांयची नात ही एकच. तिला मांयनेच न्हाऊमाखू घालून वाढवलेलं. मांय कितीतरी दिवस सांगत होती, "माका नाचाक नको. पण नाच कसो चल्लो हा, ता माका कळाक व्हया." हे तिचं मागणं होतं, आणि म्हशीशिवाय ते पुरं होणार नव्हतं.

मग आमची वरात मडगावला. गाडी माझी, पेट्रोल माझं, दुकान बंद माझं. लग्नाची सतरा कामं सोडून मी सासूबाईंना आणि मेव्हण्याला घेऊन स्पीकरच्या दुकानात! तिथे मेव्हण्याने मांयला मधोमध खुर्चीवर बसवलं, तिच्या चपला काढल्या, आणि एकेक खोका तिच्या पायाशी आणून वाजवायला लागला. दुकानदार चकचकीत, हलका, एका हाताने उचलता येईल असा माल दाखवतोय, वॉट सांगतोय, आणि मांय आपली मान हलवतेय, "नाय." दुकानदाराने आधी मेव्हण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, माझ्याकडे बघू नका, मी फक्त ड्रायव्हर. मधेच लाइट गेली, चहा झाला, आणि मागे जनरेटर सुरू झाल्यावर मेव्हण्याने पंधरा इंची स्पीकरचा एक खोका लावला. दोन सूर वाजवले, आणि मांयचा चेहरा उजळला. "ह्यो! ह्यो बरो आसा." मेव्हण्याने त्या खोक्याला मिठी मारली. मीसुद्धा, खोटं कशाला बोलू, दुकानदाराचा हात हातात घेऊन हलवला.

परतताना इन्सुलीच्या नाक्यावर गाडी अडवली. गोव्याकडून येणारी गाडी, मागच्या सीटवर म्हातारी आणि तिच्या शेजारी भला थोरला काळा खोका, संशय येणारच. पोलिसाने विचारलं, "काय आहे आत?" मेव्हणा म्हणाला, "आवाज." मी कपाळाला हात लावला. "कुठली बाटली आहे ते सांगा सरळ," पोलीस म्हणाला. आता स्क्रू उघडून आतला स्पीकर दाखवायला मेव्हणा तयार होईना. म्हणे, वाजवूनच दाखवतो. शेजारच्या चहावाल्याकडून वायर ओढली, खोका नाक्याच्या कट्ट्यावर ठेवला, अ‍ॅम्प जोडला, आणि हा भर दुपारी वाजवायला लागला. मांयचा आवडता मांडो. पोलीस बराच वेळ ऐकत उभा राहिला. मग म्हणाला, "ठीक आहे, पण गाणं कुठाय?" "ह्याच गाणा," मेव्हणा म्हणाला. "असं कसं? नुसतं धुम्म धुम्म चाललंय." मेव्हणा हसला आणि मांयकडे वळला. मांय गाडीतून उतरून चपला काढून, खोक्याजवळ अनवाणी उभी होती. तिने वाट बघितली, वाट बघितली, आणि विचारलं, "कधी सुरू करतलंस रे?"

त्याचा हात तारांवरच थांबला. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुकानात मांयच्या पायाला जे लागलं होतं तो खोका नव्हताच. तो मागचा जनरेटर होता. आम्ही मडगावहून जनरेटरच्या शिफारशीवर स्पीकर आणला होता! दुसरा कुणी असता तर मी त्याला गाडीतच फाडून खाल्ला असता. पण मेव्हणा घरापर्यंत खोक्यावर हात ठेवून खिडकीबाहेर बघत बसला, आणि असा मेव्हणा मला बघवेना. मीच आपला बडबडत राहिलो, की मटण किती सांगावं, मंडप कुठवर आणावा.

पुढचे दिवस त्याने काय काय केलं! खोका चिऱ्यावर ठेवला, आडवा केला, उलटा केला, अ‍ॅम्पचा जाड आवाज इतका वाढवला की आमच्या कौलांवरून मांजर खाली पडलं. मांय आपली, "नाय रे बाबा." आमचं घर किनाऱ्याला, अंगणात वाळूच वाळू, धुम्म वाळूत जायचा आणि तिथेच झोपायचा. बायको मला आतल्या खोलीत नेऊन रडली. म्हणाली, मांयला कळणार नाही हो काहीच. मला फार वाईट वाटलं, आणि राग कुणावर काढावा ते कळेना म्हणून मी मंडपवाल्यावर ओरडलो.

लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे रोस असतो, नवरीला नारळाच्या रसाने न्हाऊ घालतात. बायका सकाळपासून मागच्या पडवीत खोबरं किसत होत्या. मांय लांबलचक लाकडी बाकाच्या एका टोकाला, भिंतीकडे तोंड करून लसूण सोलत होती. मेव्हणा थकून आला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला धपकन बसला. मांयने मान वळवली नाही. सोलता सोलता म्हणाली, "इलंस?"

मेव्हण्याने मांयच्या पाठीकडे पाहिलं, मग दोघांच्या मधल्या बाकाकडे. मग हळूच बोटाच्या पेराने बाकावर टकटक केलं, त्या मांडोच्या तालात. मांय गुणगुणायला लागली. हा जो उठला तो चपला न घालताच समुद्राकडे पळाला. नवरीला रसाचं न्हाणं चालू आणि मामा गायब! अर्ध्या तासाने शेजारच्या वाडीतल्या, रापणीचं जाळं ओढणाऱ्या रापणकाराबरोबर मोडीत काढलेल्या होडीची एक जाड, लांब, सरळ फळी खांद्यावर घेऊन परत आला. मासळीचा वास मंडपभर. "भावोजी, धरा!" मी धरली. कंबर गेली तर गेली.

दुसऱ्या दिवशी मंडपात बँडच्या बाजूला ती फळी दोन टोकांना चिऱ्यांवर टाकलेली. एका टोकाला नवा खोका, दुसऱ्या टोकाला मांयची खुर्ची आणि मांयचे अनवाणी पाय. कीबोर्डवाल्याने नाक मुरडलं, "हे काय?" मेव्हणा म्हणाला, "मांयचा कानाचा मशीन." या खेपेला फसायचं नव्हतं, म्हणून मी स्वतः जाऊन जनरेटर पार काजूच्या झाडांमागे ठेवून घेतला आणि तो बंद आहे ना ते दोनदा बघून आलो. मुलगी आणि जावई नाचायला मध्ये आले. मेव्हण्याने मांयकडे पाहिलं. माझी बायको मांयचा हात धरून बसली होती, आणि मी, मुलीचा बाप, मुलीकडे बघायचं सोडून सासूबाईंच्या पायांकडे बघत होतो.

धुम्म झालं. मला ऐकू आलं नाही, मांयच्या अंगठ्यावरून कळलं. अंगठा हलला, मग पाऊल, मग छत्री फळीवर ठक ठक. मांयने लेकीचा हात घट्ट दाबला आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल अशा, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "इलो गो! माझो झील इलो!" मेव्हणा त्यानंतर सबंध गाणं चुकीचं वाजवत होता म्हणे. मांयनेच सांगितलं नंतर. आम्हाला कुणाला ते कळलं नाही.

मुलगी आता सासरी रमलीय. फळी मेव्हण्याच्या पडवीत भिंतीला टेकवलेली असते. मांय हल्ली फारशी कुठे जात नाही, थकली आहे. तरी एखाद्या संध्याकाळी तो फळी आडवी करतो, तिची खुर्ची वर ठेवतो आणि दोघं बसतात. आम्ही गेलो की मी ओटीवर थांबतो. मीसुद्धा हल्ली लग्नाला गेलो की बँडच्या जवळची जागा धरतो आणि टेबलाखाली हळूच चपला काढतो. बायको म्हणते, अहो, लोक बघतायत. बघू देत. अजून नीट काही लागत नाही पायाला, पण कधी कधी वाटतं, लागलं.